लेखाला ३१ लाईक, किरणोत्सवाच्या फोटोला अकराशे: वाचक नेमकं सांगतोय काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या एका फेसबुक ग्रुपवर बारा हजार सदस्य आहेत. तिथं तुम्ही तीन दिवस खपून रंकाळा तलावात मिसळणाऱ्या सांडपाण्यावर लेख टाकलात. ३१ लाईक आणि चार कमेंटी. त्याच संध्याकाळी एकानं अंबाबाईच्या किरणोत्सवाचा मोबाईलवर काढलेला, जरा हललेलाच फोटो टाकला, त्याला अकराशे. आता तुम्ही विचारताय की लोकांना वाचायचंच नसतं का, की आपलंच लिखाण पडेल आहे?

या दोन आकड्यांवरून दोन्हीपैकी काहीच ठरत नाही. लाईकला तुम्ही मास्तरांनी दिलेले मार्क समजून बसलाय, घोळ तिथं आहे. फेसबुकनं हे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आणलं आणि त्यावर ‘आवडलं’ असं लिहिलं. पण एरवी आपण मान डोलावतो, हात जोडतो, पोच देतो, पाठीवर थाप मारतो, अहेर करतो, ही सगळी वेगवेगळी कामं लोकांनी त्या एकाच अंगठ्यावर लादली. म्हणून अकराशे आणि एकतीस यांची तुलना करण्याआधी कोणता अंगठा कुठल्या कामाचा, हे वेगळं काढावं लागतं.

सगळ्यात सोपा प्रकार पोच. पावसाळ्यात तो उघड दिसतो. जुलैअखेरीस कुणीतरी एवढंच टाकतो: ‘राजाराम बंधारा, सकाळी ७, ३८ फूट ४ इंच, वाढतंय.’ पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं, त्यामुळे त्या ओळीला पुढं काही लिहावं लागत नाही. अंगठे धडाधड पडतात. पंचगंगा चढलेली कुणाला आवडत नाही. तो अंगठा म्हणजे आवक-जावक टेबलावर मारलेला शिक्का: मिळालं, वाचलं, टाकत राहा. पाणी त्रेचाळीसच्या वर गेलं की त्याच माणसांचं वागणं बदलतं. अंगठे बाजूला राहतात आणि प्रश्न सुरू होतात: बावड्याहून शिये रस्ता चालू आहे का, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलंय का, चिखली-आंबेवाडीची माणसं हलवली का. गरज तातडीची झाली की माणूस लिहायला लागतो. नुसता अंगठा हे निवांतपणाचं लक्षण आहे, हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

दुसरा प्रकार अहेराचा. लग्नात वही घेऊन एकजण बसलेला असतो, कुणी काय घातलं ते लिहून घेतो, आणि त्यांच्या घरचं कार्य निघालं की ती वही उघडली जाते. लाईकची वही कागदावर नसते, पण डोक्यात असते. पोराचे दहावीचे मार्क, नवीन गाडीला घातलेला हार, वाढदिवसाचा बॅनर, या पोस्टवरचे बहुतेक अंगठे मजकुरासाठी नसतात, माणसासाठी असतात. किरणोत्सवाचा फोटो टाकणारा गडी रोज चार जणांच्या पोस्टखाली ‘नाद खुळा भावा’ लिहीत असेल, तर त्या अकराशेत बराच परतीचा अहेर आहे. तुम्ही स्वतःच्या ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये, म्हणजे फेसबुकनं ठेवलेल्या तुमच्याच हालचालींच्या नोंदीत, जाऊन मागच्या तीस दिवसांत दुसऱ्यांच्या किती पोस्टवर काही लिहिलंत ते मोजा. आकडा पाचाच्या आत असेल, तर तुम्ही लोकांच्या कार्याला न जाता स्वतःच्या कार्याची पत्रिका वाटताय. उपाय रोज दहा मिनिटांचा आहे: दोन-तीन पोस्टखाली मजकुराला धरून एक वाक्य. ‘छान’ आणि हात जोडलेली इमोजी यात धरू नका. ती वहीत चढत नाही.

तिसरा प्रकार तुमच्या तुलनेच्या मुळाशी आहे, म्हणून इथं जरा थांबू. किरणोत्सव वर्षातून दोनदा, साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, चरणांपासून वर सरकत मूर्तीच्या मुखापर्यंत पोचतात. ढग आले किंवा किरणांच्या वाटेत काही आडवं आलं की किरणं मध्येच अडतात, त्यामुळे ‘आज कुठपर्यंत पोचली?’ हा त्या संध्याकाळी गावाचा एकच प्रश्न असतो. अशा वेळी आलेल्या फोटोला कुणी फोटो म्हणून बघतच नाही. महाद्वार रोडवरून जाणारा स्कूटरवाला गाडी न थांबवता उजवा हात छातीला लावून पुढं जातो ना, तसा तो अंगठा आहे. फोटो हललाय की सरळ आहे, हा प्रश्नच उद्भवत नाही.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा फुटबॉल सामना असला की स्कोअरच्या पोस्टवर पडणारा अंगठा याच जातीचा. तो पोस्टला नसतो, पेठेला असतो. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचा उल्लेख न करता दाखवली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात चपलेवर एक ओळ लिहिली नव्हती त्यांनीही त्या पोस्टी उचलून धरल्या. ‘आमचं आहे’ हे सांगायची ती संधी होती. माणूस लाईक करतो तेव्हा त्याच्या नावापुढं ती गोष्ट उमटते, आणि आपण कोण आहोत हे सांगणारी गोष्ट तो आनंदानं उमटू देतो.

इथंच तुमचा लेख अडला. त्यात तुम्ही महापालिकेला धारेवर धरलंय, एका कामाच्या दर्जावर बोट ठेवलंय. कोल्हापूर वस्तीनं मोठं असलं तरी ओळखीनं लहान आहे. वाचणाऱ्याचा मेहुणा पालिकेत असतो, नाहीतर दुकानाच्या परवान्याचं काम अडकलेलं असतं, नाहीतर ज्याच्यावर टीका आहे तो तालमीतला असतो. मनातून पटलं तरी बोट बटणाशी जाऊन थबकतं, कारण लाईक ही सही आहे आणि ती गावात दिसते. अशा मजकुराचा स्क्रीनशॉट निघतो, व्हॉट्सॲपवर चार घरच्या ग्रुपांत फिरतो, चहाच्या टपरीवर चर्चा होते, आणि मूळ पोस्टखाली सामसूम. याला मी दुर्लक्ष म्हणत नाही. टीकेच्या पोस्टवर लाईक कमी आणि ‘शेअर’ किंवा खासगी मेसेज जास्त दिसले, तर लेख पोचलाय असंच मी धरतो. तुम्हाला त्या आठवड्यात इनबॉक्समध्ये कुणी लिहिलं का, ते तुम्ही सांगितलेलं नाही. बघा.

गप्प वाचणारे तसेही सगळीकडं जास्तच असतात. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आहे: शंभरात नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून काही करतात, एखादाच सतत लिहितो. नेमकं प्रमाण जागेगणिक बदलतं, पण उतार असाच. म्हणजे बारा हजारांचा ग्रुप मनात आणताना बारा हजार श्रोते डोळ्यांपुढं आणू नका. शंभर-सव्वाशे बोलकी माणसं आणि हजारभर अधूनमधून डोकावणारी, एवढाच तो चौक आहे. त्यातही प्रत्येकाला तुमची पोस्ट दाखवली जातेच असं नाही.

आता नशिबाचा भाग, कारण तो मोठा आहे. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१३ मध्ये मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या १,०१,२८१ कमेंटींपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं. मजकुरात काही फरक नाही. तरी पुढच्या पहिल्या वाचकानं अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटी त्या कमेंटींचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. गंमत म्हणजे सुरुवातीला खोटं प्रतिकूल मत दिलेल्या कमेंटींना लोकांनी सावरून घेतलं. माणूस वाईटाला शहानिशा करून हात लावतो, चांगल्याच्या मागं मात्र रांगेत उभा राहतो. वडापावच्या गाडीवर गर्दी बघून थांबतो तसंच. तुमच्या लेखाची सुरुवातीची पंधरा मिनिटं रिकामी गेली असतील, तर पुढचं बरंचसं तिथंच ठरलं.

त्या रांगेत यंत्रही उभं असतं. फेसबुक कोणती पोस्ट कुणाला वर दाखवायची ते प्रतिसादांना वजन देऊन ठरवतं. प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख, राग ही पाच चिन्हं फेब्रुवारी २०१६ मध्ये सगळीकडं आली, आणि २०१७ मध्ये कंपनीनं यातल्या प्रत्येकाला साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं होतं. पुढं रागाच्या चिन्हाचं वजन उतरवत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणलं, कारण संताप पेटवणारा मजकूर त्यामुळं वर चढत होता. हे आतल्या कागदपत्रांमुळं २०२१ मध्ये बाहेर आलं. वजनं बदलत राहतात, त्यांच्या मागं लागू नका. यातून घ्यायचं एवढंच की अंगठा हा सगळ्यात हलका प्रतिसाद आहे, आणि चार शब्दांची कमेंट त्याहून जड.

चिन्हं वाचतानाही घाई नको. ‘उद्या पाणी येणार नाही’ या पोस्टवरचा राग बातमीवर असतो, टाकणाऱ्यावर नसतो. प्राडाविरुद्धच्या पोस्टवरचा रागही टाकणाऱ्याच्या बाजूनंच होता. गंभीर लेखावर हसरे चेहरे आले तर मात्र नावं उघडून बघा. एकाच टोळक्याची असतील तर ती टिंगल आहे, विखुरलेली असतील तर लेखातलं एखादं वाक्य न ठरवता विनोदी झालंय. निधनाच्या पोस्टवरचा अंगठा हा वेगळाच विषय. दुःखाचं चिन्ह आहे, २०२० मध्ये मिठी मारणारंही आलं, तरी पन्नाशीपुढची मंडळी अंगठाच देतात, कारण त्यांच्या लेखी तो पोच आहे. तरुण पोरं चिडतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

जागा कुठली यावर बरंच काही अवलंबून आहे, हेही आधीच सांगायला हवं होतं. व्हॉट्सॲपवर प्रतिक्रियांची सोय मे २०२२ मध्ये आली. तिथं तुमचा मेसेज किती जणांनी वाचला ते ‘इन्फो’मध्ये नावानिशी दिसतं, त्यामुळं लाईक मोजायची गरजच नाही. इन्स्टाग्रामवर मे २०२१ पासून लाईकचा आकडा लपवता येतो. तिथं रांगेचा परिणाम आपोआप कमी होतो. मी इथं जे लिहितोय ते मुख्यतः फेसबुकच्या, खऱ्या नावांच्या, एकाच गावच्या ग्रुपबद्दल आहे. नाव झाकून लिहायच्या जागी सहीची भीती नसते आणि गणित उलटं होतं.

आता तुमच्या लेखाकडं. आधी नीट मोजा. नुसते लाईक बघू नका, ग्रुपच्या ॲडमिनकडून दोन्ही पोस्ट किती जणांनी पाहिल्या ते मागवा. समजा तुमची ४०० जणांनी पाहिली आणि फोटो ९,००० जणांनी. मग तुमचं प्रमाण शंभरात पावणेआठ आणि त्याचं शंभरात सव्वाबारा. पस्तीस पटींचा वाटणारा फरक दीडपटीवर येतो. अशा वेळी लेखाला बोल लावण्यात अर्थ नाही, तो लोकांपुढं गेलाच नाही. उलट ५,००० जणांनी पाहून ३१ आले असतील, तर दोष सुरुवातीत आहे.

आणि सुरुवातीत दोष आहेच. पहिली ओळ तुम्ही दिलीय: ‘रंकाळा हा करवीरनगरीचा मानबिंदू असून त्याच्या संवर्धनाची जबाबदारी तुम्हा-आम्हा सर्वांची आहे.’ यात वाचकाला नवीन काही नाही, आणि तो ‘आणखी पहा’ दाबण्याआधी तीन-चार ओळीच बघतो. त्या ओळींत निबंध दिसला की बोट वर सरकतं. शिवाय लेखाचा सूर ‘रंकाळा मरतोय’ असा आहे. बर्जर आणि मिल्कमन या संशोधकांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या सुमारे सात हजार लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थक्क करणारा, चिडवणारा, काळजीत टाकणारा मजकूर लोक जास्त पुढं पाठवत होते. नुसतं खिन्न करणारा मजकूर मागं पडत होता. खिन्न माणूस उसासा टाकतो आणि फोन बाजूला ठेवतो.

त्याऐवजी दिसणारी गोष्ट लिहा. सकाळी सव्वासहाला रंकाळ्याच्या पदपथावर उभे राहा. नाल्याच्या तोंडाशी आलं की फिरायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावतात आणि काही अंतरावर काढतात. तो रुमालाचा टप्पा पावलांनी मोजा. आकडा पहिल्या ओळीत घाला: ‘रंकाळ्यावर रुमालाचा टप्पा आज इतकी पावलं आहे.’ दर रविवारी तोच टप्पा मोजलात, तर ती बंधाऱ्याच्या पातळीसारखी पोस्ट होते. वाचक आकड्याची वाट बघतो आणि पोच देतो. फोटो एकच लावा. नऊ फोटोंची जुळणी मोबाईलवर भाकरीच्या तुकड्यांसारखी दिसते. एकाच जागेवरून, शक्यतो त्याच वेळी काढलेले दोन महिन्यांतले दोन फोटो मिळाले तर उत्तम. केंदाळ किती सरकलं ते शब्दांत सांगावं लागत नाही.

लेख एका पोस्टमध्ये कोंबू नका, तीन करा. पहिलीत फक्त रुमालाचा टप्पा आणि शेवटी असा प्रश्न, की ज्याचं उत्तर आठवणीतून देता येईल आणि ज्यात कुणाची बाजू घ्यावी लागणार नाही: ‘रंकाळ्यात पोहायला शेवटचं कधी उतरला होता?’ याचं उत्तर द्यायला पालिकेतल्या मेहुण्याची परवानगी लागत नाही. साठीतली माणसं लिहायला लागतील, त्यांना पोरं टॅग करतील, पहिली पंधरा मिनिटं भरतील. दोन-तीन दिवसांनी दुसरी पोस्ट: पाणी कुठून येतं, नकाशासह, कुणाचंही नाव न घेता. सांडपाण्याच्या आकड्यापुढं तो कुठल्या कागदातला आणि कुठल्या वर्षाचा, हे त्याच ओळीत. आणि तिसरीत तुमची टीका, जशी आहे तशी, बोथट न करता. तोवर शे-दीडशे माणसं या विषयात आधीच बोललेली असतात, त्यांना सही करायला तेवढं जड जात नाही. टीकेला लाईक कमीच येतील. येऊ द्यात.

वेळेचं म्हणाल तर साधारण रात्री जेवणं झाल्यावर, नऊ ते साडेदहा, लांबडा मजकूर वाचला जातो. सकाळी फक्त शुभ सकाळ आणि पाण्याची पातळी. पण ग्रुपात दुकानदार जास्त असतील तर दुपारची मोकळी वेळही चालते. किरणोत्सवाच्या संध्याकाळी, सामन्याच्या दिवशी किंवा निकालाच्या दिवशी दुसरं काही टाकूच नका. तुमचा लेख नेमका तसाच गेला.

टाळायच्या गोष्टी पटकन सांगतो. ‘खरा कोल्हापूरकर असाल तर लाईक करा’ असं लिहू नका. अशी मागणी करणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकनं डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलंय. पन्नास जणांना टॅग केलंत तर दहाजण टॅग काढतात आणि उरलेले तुम्हाला म्यूट करतात. लाईक विकत घेतलेत तर आकडा फुगतो, पण ती खाती पुढच्या पोस्टला हलत नाहीत. यंत्राला दिसतं की यांच्या माणसांनाच यांचं काही वाचायचं नाही, आणि मग खऱ्या वाचकांपुढंही पोस्ट कमी जाते. चालली नाही म्हणून पोस्ट उडवून परत टाकण्यातही नुकसानच, कारण आधीच्या कमेंटी जातात आणि ज्यांनी कष्टानं लिहिलं त्यांचा हिरमोड होतो.

शेवटचं. तुम्ही चार कमेंटींचा स्क्रीनशॉट जोडलाय. दोन ‘छान माहिती’, एक हात जोडलेले. चौथ्यानं विचारलंय, ‘श्याम सोसायटीच्या नाल्याचं पुढं काय झालं?’ त्याखाली तुमचं उत्तर नाही, आणि स्क्रीनशॉटवरची तारीख बघता अकरा दिवस झालेत. त्या माणसानं नाव लावून विचारलंय. नवीन पोस्ट लिहायच्या आधी तिथं उत्तर द्या.